पुसायला काढलेला डिस्ट्रिब्युटर

मला घाण दिसली की हात शिवशिवतात. गारखेड्यातल्या आमच्या घरात ही खोड सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खंडेनवमीच्या आदल्या दुपारी तर विचारूच नका. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, नवऱ्याचं ड्रिल, सगळं पूजेसाठी घासूनपुसून ठेवलं होतं. उरली होती बाबांची जुनी गाडी. बॉनेट उघडलं तर प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी तेलाचा काळा थर. म्हटलं, पूजेला हे असलं? वायरींसकट वरची टोपी बाजूला केली, नट सोडला आणि अख्खा डिस्ट्रिब्युटरच उपसून बाहेर काढला. चिंधीनं लख्ख पुसला. पुसताना आतला रोटरही गरागरा फिरवला, मेलीनं, कानाकोपरा निघावा म्हणून. परत सोडला तर सहज आत बसला. पाना काही सापडेना, तेव्हा नट बोटांनीच आवळला, वरची टोपी परत बसवली आणि कुकरची शिट्टी ऐकून आत पळाले.

त्या गाडीवर तेव्हा काय काय टांगलेलं होतं, ते मला माहीत नव्हतं असं नाही.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केलेला माणूस, पण वयानं आता विसरायला लागलेत. उन्हाळ्यात गुलमंडीला धोतर आणायला गेले आणि येताना रिक्षा थेट पुंडलिकनगरला नेली. ते भाड्याचं घर आम्ही कधीच सोडलंय. तिथं फाटक का उघडत नाही म्हणून त्या लोकांवर रागावले. ही गोष्ट पुण्याला भावाच्या कानावर गेली आणि त्यानं फोनवरच फर्मान काढलं, चावी काढून घ्या, गाडी विका. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन मागून घेतला.

"खंडेनवमीला ये," म्हणाले. "तुझ्यासमोर चालू करून दाखवतो. नाय झाली तर चावी तू घेऊन जा."

डिस्ट्रिब्युटर तेव्हा दुरुस्तीहून नुकताच आला होता. तो त्यांनी स्वतः बसवला. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर मला बोट धरायला लावलं आणि समोरून हँडल फिरवायला लागले. "पिस्टन दोनदा वर येतो. एकदा नुसताच, अन् एकदा हवा दाबून. आपल्याला दुसरा पायजे. बोट उडालं की सांग." माझं बोट उडालं. मग पुलीवरची खूण जुळवली, रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे केलं आणि डिस्ट्रिब्युटर अलगद सोडला. "एक दात जरी इकडंतिकडं झाला तरी इंजिन ऐकत नाय." गाडी चालू झाल्यावर डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित किंचित फिरवत, आवाज सुरात आला तिथं थांबले आणि पान्यानं नट कसला. त्या रात्री बाबा लई खुशीत जेवले. हे सगळं मी शेजारी उभी राहून पाहिलं होतं. तरी पुसताना डोक्यात काय, तर तेलाचा डाग!

खंडेनवमीला सकाळी भाऊ आणि भावजय आले. मी तर दारातच त्याच्यावर घसरले. "बघच आता! जित्याजागत्या माणसाला मोडीत काढायला निघालाय." बाबांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि चावी फिरवली. इंजिन गरगरलं आणि फट्ट करून उलटा बार निघाला. बॉनेटमधून धूर आला. पुन्हा चावी, पुन्हा फट्ट. मला तेव्हाच कळलं.

बाबा खाली उतरले. वाकून नटाला बोट लावलं, तर तो बोटानंच फिरला.

"ढिलाच हाय की," ते म्हणाले. "कसायचा राहिला." मग माझ्याकडे वळले. "पण मी कसला होता ना गं? तू होतीस ना तिथं?"

बोलायला हवं होतं. एक वाक्य, दुसरं काही नाही. पण भाऊ हाताची घडी घालून उभा, भावजय बघतेय, आणि एवढ्यात मीच गल्ली दणाणून सोडलेली. माझं नाक आडवं आलं, दुसरं कोण येणार?

"मला नाही आठवत, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. चावी काढली, भावाच्या हातावर ठेवली आणि चपला न घालताच घरात गेले.

पुरणपोळीची जेवणं झाली. सगळे आडवे झाल्यावर मी नवऱ्याला उठवलं आणि भावाच्या उशाची चावी आणली. प्लग काढला, भोकावर बोट धरलं, त्यानं हँडल फिरवलं. बोट उडालं, खूण जुळवली, रोटर वळवला, डिस्ट्रिब्युटर बसवला. गाडी लागलीच चालू झाली. आवाजानं सगळे बाहेर आले, आणि भरल्या घरासमोर मी सांगून टाकलं, की पुसायला मीच काढला होता, मीच चुकीचा बसवला, नटही मीच ढिला ठेवला, बाबांचं काहीएक चुकलं नव्हतं.

"आक्का, पुरे आता," भाऊ म्हणाला. "बाबांसाठी किती खोटं बोलशील?"

मी बाबांचा हात धरला. मी रडत होते, सांगायला लाज कसली. ते हसले. लहानपणी मी आजारी पडले की हसायचे, तसं.

"नट मी माझ्या बोटानं फिरवून बघितला, बाई. माझं मन राखायला कशाला अंगावर घेतीस? तुला जमलं, तेच लई झालं."

नवऱ्यानं साक्ष द्यायचा प्रयत्न केला. बाबांनी त्याच्याही खांद्यावर थोपटलं.

चावी पुण्याला गेली. गाडी दारात आहे, गिऱ्हाईक बघायला येतात, तेव्हा बाबा बाहेर येत नाहीत. भावाशी मी किती भांडले, त्याला मोजमाप नाही. पण बाबाच म्हणतात, त्याचं बरोबर हाय, राहू दे.

आता ते सगळं मला विचारून करतात. गोळी घेतली का, देवापुढं दिवा लावला का, दाराला कडी घातली का. त्यातलं बरंचसं त्यांना आठवत असणार, माझी खात्री आहे. सकाळी चहात स्वतःच्या हातानं साखर घालतात, ढवळतात, एक घोट घेतात आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारतात, "मी साखर घातली का गं?" घोट तोंडात असतो, चहा गोड असतो, तरी मी 'घातली' म्हणेपर्यंत ते दुसरा घोट घेत नाहीत.