जनित्रातलं तांबं

कादिरकुलला माणसांचा वीट आला होता, आणि तीस वर्षं गावाला वीज पुरवणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असतोच. नारिन नदीच्या वर, डोंगरातल्या कालव्यावर त्याचं जनित्र होतं. पाणी चाक फिरवी, चाक चुंबक फिरवी आणि चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होई. एवढी साधी गोष्ट, पण गावाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

उन्हाळाभर कालवा दुरुस्तीसाठी बंद होता. आज पाणी सोडलं, चाक गरगरलं, दिवा काही लागेना. कादिरकुलनं झाकण उघडलं. चुंबक जागेवर होता, तांबं गायब. वेटोळी कुणीतरी कापून, ओरबाडून नेली होती. हिवाळा तोंडावर आलेला, आणि तसली तार दूरच्या बाजारातही मिळत नव्हती.

"लोखंडाची गुंडाळ की," बघायला जमलेल्या गावकऱ्यांतला म्हातारा बेयशेन म्हणाला. "तार ती तार."

"गाढवावर खोगीर घातलं म्हणून ते शर्यत जिंकतं का, आजोबा? तांब्यात वीज सुसाट पळते. लोखंडात अडखळते, तार नुसती तापते."

"तापू दे की! थंडीत बरंच!"

सगळे खो खो हसले. मुलाबाळांसह अंधारात बसायची वेळ आली तरी यांचे दात दिसतातच. कादिरकुलला शिसारी आली.

जनित्राच्या खोलीचं कुलूप मात्र शाबूत होतं. दुसरी किल्ली होती धाकट्या भावाकडे, इसेनबेककडे. कादिरकुल तडक त्याच्या घरी गेला.

"तांबं कुठंय?"

"दादा, आधी चहा तरी घे."

"तांबं!"

इसेनबेकनं मान खाली घातली. "बाबांना जाऊन वर्ष झाल्याच्या जेवणाला मेंढ्यांवर भागवू, असं मी म्हणत होतो. घोडी नाही कापली तर सोयऱ्यांत नाक कापलं जाईल, हे कोण म्हणालं? मी कुठून आणू घोडी? भंगारवाल्याकडे होती. त्याला तांबं दिलं."

कादिरकुलच्या डोळ्यांपुढे ते जेवण उभं राहिलं. थोरला म्हणून घोडीच्या कमरेच्या हाडाचं मानाचं मांस त्यालाच मिळालं होतं. त्यानं ते बोटं चाटत खाल्लं, वर शंभर माणसांत भावाची पाठ थोपटली होती, "बापाचं नाव राखलंस!"

तोंडात थुंकी जमली, पण थुंकावं कुणावर ते त्याला कळेना. तो बाहेर आला, भिंतीआड वाकला आणि घशात बोटं घातली. कोरड्या उमाशांशिवाय काहीच आलं नाही. जेवणाला अकरा दिवस झाले होते.