सिद्धू गुरवाने लावलेला कौल

सिद्धू गुरवाचं नाव काढलं की कोरेगावाकडच्या त्या गावात माणसं आधी हसतात, मग सांगायला लागतात.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गावाला पाझर तलाव मंजूर झाला आणि सारं गाव हरखून गेलं. हाताला काम, पोटाला सुकडी, पुढं विहिरींना पाणी! अडचण एकच होती. भरावाची माती कामावरच्या सरकारी साहेबांनी जवळची धरली होती, म्हणजे भैरोबाच्या राईतली. आधी राई तोडायची, मग माती उकरायची. आणि त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. तेव्हा ठरलं, रविवारी देवालाच विचारायचं. सोमवारी कुदळ पडली नाही, तर काम शेजारच्या गावाला जाणार होतं.

कौलाचा मान सिद्धूचा. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी प्रश्न एकच, हा बापजाद्यांपासूनचा रिवाज. तलाव सिद्धूलाही हवाच होता, सून तिथंच कामाला जाणार होती. पण त्या राईत तो लहानाचा म्हातारा झालेला. देवानं राई तोडायला उजवा दिला तर?

देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल थांबला. सिद्धूनं खणखणीत आवाजात विचारलं, "देवा, गावाला तळं करू का?"

उजवी पाकळी पडली! एकच गलका झाला, गुलाल उधळला. सिद्धू धोतर सावरत नाचला. मग सरपंच लालासाहेब एकदम थबकले.

"आरं सिद्धू, राईचं कुठं इचारलंस?"

"तळ्याचं इचारलं. राईचं फुडल्या रविवारी."

"आन उद्या माती कुठनं आणायची? त्या लांबच्या माळावरनं?" बायकांची मुकादम तानुबाई कडाडली. "आवं तात्या, चूक तुमची आन वझं आमच्या डोक्यावर!"

चूक कसली, सिद्धूनं ते मुद्दाम केलं होतं. पण तानुबाईचा शब्द त्याला लागला. साहेबांनी माळाची माती मुठीत दाबून पाहिली. चालेल, लांब पडेल एवढंच, म्हणाले. सकाळी पहिली पाटी सिद्धूनंच उचलली. बायका त्याला शिव्या घालत मागून निघाल्या, हसतही होत्या. भराव मात्र चढत गेला.

पुढचा रविवार आला. आता सुटका नव्हती. सिद्धूनं पाकळ्या हातात घेतल्या, तशी तानुबाई गर्दीतून पुढं घुसली.

"तात्या, आता इचारू नगा. मान मोडूस्तवर माती वाहिलीया आमी. देव व्हय म्हणला तर ती समदी फुकट जाईल की!"

तिनं पाकळ्या त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि देवाच्या पायावर वाहिल्या. सिद्धूला रडू आवरेना.