आठ अंघोळींची हुग्गी

पाहुण्याने उंबरा ओलांडला की चांगल्या घरात ‘या, बसा’ म्हणतात, त्याहून चांगल्या घरात ‘आता जेवूनच जा’ म्हणतात. पण चपला काढायच्या आत ‘अंघोळ झाली का?’ असं विचारणारा यजमान अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. पाहुणा ‘नाही’ म्हणाला की यांचा चेहरा घरात लग्न ठरल्यासारखा उजळतो. ‘झाली’ म्हणाला की शेवटची एसटी डोळ्यांदेखत सुटल्यासारखा पडतो. याचं कारण म्हणजे त्यांच्या घरी जेवण बंबावर शिजतं. अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबावर. घरात गॅस नाही असं नाही. त्यावर अक्का चहा करायच्या, दूध तापवायच्या. पण ज्याला जेवण म्हणावं त्याचा आणि गॅसचा संबंध साडूंनी येऊ दिला नाही.

हा बंब त्यांच्या जुळे सोलापुरातल्या घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभा आहे. कमरेएवढा उंच, तांब्याचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. त्याचा नळ तेवढा भिंतीतून आत न्हाणीघरात गेलेला. पोटात उभी नळी, नळीत तुराट्या नि बाभळीच्या ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं आणि निखारे खाली राखेत पडतात, हे कुठल्याही बंबात होतं. यांच्या बंबात त्या राखेत वांगी, कांदे आणि रताळी असतात, आणि वर नळीच्या तोंडाशी एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली लोखंडी तिपाई असते, तिच्यावर पातेलं. यामागे तत्त्वज्ञान आहे. ‘विस्तव पेटवायचा अंघोळीसाठी. सैपाक त्याच्या मागनं येतो,’ असं ते सांगतात. नुसत्या स्वयंपाकासाठी बंब पेटवणं ही उधळपट्टी, आणि नुसत्या अंघोळीसाठी पेटवणं ही त्याहून मोठी. आत कोणी बादली भरून घेतली की बाहेर तेवढंच गार पाणी बंबात ओतायचं, ते तापेपर्यंत जाळ चालू ठेवायचा, आणि तेवढ्यात वरचं पातेलं रटरटतं. त्यामुळे त्यांच्या घरी वेळ घड्याळात मोजत नाहीत. भरताला एक अंघोळ, खिचडीला दोन, आमटी-भाताला चार. तापलेलं पाणी कोणाच्या तरी अंगावर गेलंच पाहिजे; ते नुसतं ओतून देणं त्यांच्या लेखी पाप आहे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे या पापाला वजनही आहे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी मला जेवायला बोलावलं तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नवा जावई म्हणून उटणं लावून पाटावर बसलो होतो, उरकून उठणार तोच भिंतीपलीकडून आवाज आला, ‘धाकटे, अजून चार तांबे घ्या. भात कच्चा हाय.’ मी घेतले. जावई म्हणून रुसायचा मला हक्क होता, पण ओल्या अंगानं रुसता येत नाही. पुढे हळूहळू कळलं की हा मान माझ्या एकट्याचा नव्हता. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस या घरी अंघोळ करून, वांग्याचं भरीत नि कडक भाकरी खाऊन गेलेला आहे, आणि तेवढा वेळ सिलिंडर बिचारा फाटकाशी उभा होता. एकदा छतावर बसवायच्या सोलर हीटरची माहिती द्यायला एक टायवाले गृहस्थ आले. साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चित्रं नीट पाहिली, आणि विचारलं, ‘ह्यात वांगं कुटं ठेवायचं?’ टायवाले उत्तर शोधत होते तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, ‘तुमची अंघोळ झाली का?’

आमच्या घरात या साडूंची लाज वाटणं हे देवपूजेसारखं रोजचं काम होतं. बायकोचा अक्कांवर जीव, पण मैत्रिणींसमोर ती ‘माझे भावजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते’ एवढ्यावर थांबायची आणि विषय हवापाण्यावर न्यायची. मी त्याहून वाईट. मी त्या लाजेवर पाहुण्यांत नाव मिळवलं. कोणाचं लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की कोणीतरी म्हणायचं, ‘ते साडूंचं होऊन जाऊ द्या की,’ आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून ‘भात कच्चा हाय’ करून दाखवायचो. बरेचदा साडू त्याच खोलीत असायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. अक्का हसायच्या नाहीत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘नातेपुत्याला यांच्या घरी अकरा माणसं होती. सकाळी बंबापाशी रांग लागायची, आणि शेवटच्याची अंघोळ झाली की पानं मांडायची. ते यांच्या डोक्यातनं जात नाही बघा.’ मी मान हलवली आणि पुढच्या बारशाला रांगेचाही प्रसंग घातला.

त्यांना मूलबाळ नाही. आमची लेक हीच त्यांची. ती पाच वर्षांची असताना बंबावरची हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, खाऊन, वाटी चाटून, ‘काका, रोज करा’ म्हणाली होती. आता हुग्गीचा गहू शिजायला सावकाश जाळ आणि पुष्कळ वेळ लागतो. साडूंच्या हिशेबानं तिला आठ अंघोळी लागतात. घरात माणसं दोन. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं, ‘रोज न्हाय जमत. तुझ्या केळवणाला करीन, तेव्हा घर भरल्यालं असंल.’ हे सगळे विसरले. ते विसरले नाहीत.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिचं पुण्यात लग्न ठरलं आणि व्याही, विहीणबाई नि जावई साड्यांच्या खरेदीला सोलापूरला यायचे झाले. साडूंचा फोन आला. ‘परवा सकाळी केळवण आमच्याकडं. तुमी तिघं, ते तिघं, आमी दोघं, आठ झाले. सगळ्यांना सातला घेऊन या. आणि धाकटे, एक करा, कोणी अंघोळ करून येऊ नका. पाण्याची पिंपं भरून ठेवल्यात.’

‘बरं,’ म्हणालो.

व्याही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, बुटांत आपलं तोंड दिसावं असे बूट. या गृहस्थांना ‘उद्या पारोसेच चला, तुमच्या अंघोळीवर आमच्या साडूंची खीर शिजायची आहे’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं, याचा मी रात्रभर सराव केला आणि सकाळी त्यांना हॉटेलात फोन करून ‘दहापर्यंत आवरून खाली या’ असं सांगितलं. साडूंना काहीच सांगितलं नाही.

पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. दारात रांगोळी होती. आत कॉटवर सहा कोरे सोलापुरी टॉवेल घड्या घालून ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकावर साबणाची एक नवी वडी. साडू सात वाजल्यापासून बंबाशी बसले असणार, कारण बनियनवर राख होती. हात पुसत पुढे आले, नमस्कार केला आणि मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना विचारलंच, ‘पाव्हणं, अंघोळी?’

‘झाल्या की,’ व्याही म्हणाले. ‘हॉटेलात गिझर फार छान होता.’

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

मागच्या अंगणात त्यांना गाठून मी म्हणालो, ‘अण्णा, पाणी बादल्यांत काढून ठेवू. संध्याकाळी भांड्यांना होईल.’

‘अंगावर न्हाय घ्यायचं, तर तापवलं कशाला?’

अक्का म्हणाल्या, ‘अहो, मी गॅसवर टाकते. कोणाला कळतंय?’

‘पोरीला बंबावरची कबूल केलीया.’ त्यांनी पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं. दोन अंघोळी, त्यांची आणि अक्कांची, सकाळीच झाल्या होत्या. गहू नुसता फुगला होता. त्यांनी झाकण ठेवलं, दोरीवरचा स्वतःचा जुना पंचा ओढला, आणि ऐन थंडीत दुसऱ्यांदा अंघोळीला गेले.

बाहेर येऊन दोन गोष्टी बोलले, पाहुण्यांना शेंगाचटणी नि कडक भाकरीचे तुकडे चाखायला दिले, बंबात ढलप्या घातल्या, आणि तिसऱ्यांदा गेले. चौथ्यांदा डोक्यावरून पाणी ओघळत हॉलमधून गेले तेव्हा विहीणबाईंनी व्याह्यांकडे पाहिलं आणि व्याह्यांनी माझ्याकडे. ‘यांना काही त्रास होतोय का?’

आणि मी, हसत, अगदी सहज म्हणालो, ‘छे हो. सोवळं फार कडक आहे त्यांचं. स्वयंपाकाला हात लावायचा तर दर वेळी अंघोळ.’

व्याह्यांचा चेहरा एकदम बदलला. ते खुर्चीत सरळ बसले. ‘आमच्या आजोबांनंतर आज पाहतोय,’ म्हणाले.

‘आणि हे टॉवेल?’ विहीणबाईंनी विचारलं.

‘ते तुम्हाला आहेर,’ मी म्हणालो. एकदा खोटं सुरू केलं की ते उतारावरच्या सायकलसारखं आपोआप पळतं.

आमच्या लेकीला मात्र सगळं कळलं होतं. पाचव्यांदा पंचा घेऊन निघालेल्या काकांना शिंक आली तशी ती उठली. ‘बाबा, मी जाते. मला केस धुवायचेच आहेत.’ नेसलेली रेशमी साडी, केसांत गजरा. मी तिचा हात धरला आणि दातांतल्या दातांत म्हणालो, ‘बस खाली.’ ती बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मी इस्त्रीचं जाकीट घालून, कोरडा ठणठणीत, समोरच्या भिंतीपलीकडे पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. नुसतं उठून जायचं होतं. एक बादली.

हिशेबातली सहावी, सातवी त्यांनीच घेतली. आठवी अक्कांनी घेतली. गुडघे धरत गेल्या नि पदर डोक्यावरून घेऊन आल्या. दीड वाजता पानं मांडली. हुग्गीबद्दल मी काही लिहीत नाही. विहीणबाईंनी तीनदा वाढून घेतली, आणि आमची लेक वाटी चाटत असताना साडूंनी जेवायचं सोडून तिच्याकडे बघितलं, एवढंच सांगतो. हात धुतल्यावर व्याह्यांनी मुलाला पुढे केलं. ‘पाया पड. इतक्या सोवळ्यात आजकाल कोण रांधतं?’

साडू शिंकायच्या बेतात होते. त्यांनी शिंक आवरली, माझ्याकडे बघितलं, आणि मग जावयाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सुखी राहा.’ टॉवेलांची पिशवी त्यांनी स्वतः गाडीत ठेवली. त्यातला एक बाहेर काढून माझ्या हातात दिला. ‘तुमचा राहिला की.’ मी निघालो तेव्हा फाटकाशी त्यांनी फक्त विचारलं, ‘हुग्गी जमली का, धाकटे?’

‘जमली, अण्णा.’

‘मग झालं.’

त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी मी पंगतीत ‘साडूंचं’ करून दाखवलेलं नाही. आवाजच लागत नाही. पुण्याला मात्र व्याही अजूनही ज्याला त्याला साडूंच्या सोवळ्याची गोष्ट सांगतात, आणि माझ्याकडे साक्षीसाठी बघतात. मी मान हलवतो.

मागच्या वर्षी अक्का गेल्या. दिवस-कार्य झालं, माणसं पांगली. महिनाभरानं एका सकाळी मी सहज डोकावलो तर साडू मागच्या पायरीवर बसून कडक भाकरी नि एक रताळं खात होते. बंब लखलखीत होता, तिपाई रिकामी.

‘अण्णा, भात तरी लावायचा.’

‘एका अंघोळीत कुटला भात?’ ते म्हणाले. तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. अडचण एवढीच आहे की पारोशा माणसाला माझी बायको चहासुद्धा देत नाही, आणि चहा घेतल्याशिवाय माझ्याच्यानं स्कूटर सुरू होत नाही. म्हणून अंघोळ करूनच निघतो. खांद्यावर तो टॉवेल असतो. आता पुष्कळ मऊ झाला आहे. मी फाटक उघडतो, ते बंबापाशी तुराट्या मोडत बसलेले असतात, मान वर न करता विचारतात, ‘अंघोळ झाली का?’

‘नाही,’ मी म्हणतो.

ते मान वर करतात. माझे केस ओले असतात, भांग पाडलेला असतो, मानेवर पावडर असते. ते सगळं सावकाश बघून होतं. मग ते तुराट्यांची आणखी एक मूठ ओढून घेतात.

‘मग आज खिचडी टाकू,’ म्हणतात.