क्लच नसलेली मोटार

चौलच्या एका बागायतदाराने मुंबईहून जुनी अमेरिकन मोटार आणली, तेव्हा मी रेवदंड्यात लॉऱ्या दुरुस्त करत होतो. मोटारीला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलत. हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. वर्षभरात गिअर बदलेनासे झाले आणि मोटार पहिल्याच गिअरमध्ये बोंबलत यायला लागली. मी बघतो म्हटलं, तर म्हणाला, "हे लॉरीवाल्याचं काम न्हाय."

त्याने मुंबईचा तज्ज्ञ आणला. त्या शहाण्याने दोन दिवस इंजिन उघडून ठेवलं आणि "गिअरबॉक्स गेला, अमेरिकेतून मागवा," असं सांगून तो चालता झाला.

मग मला बोलावणं आलं. मी इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली. ती कोरडी होती. खाली शिरलो, तर एका नळीचा नट ढिला होऊन तेल गळत होतं.

"ह्यात तेल कधी घातलंत?" मी विचारलं.

"गिअरबॉक्सला वेगळं तेल लागतं?"

मी नट आवळला, तेल भरलं. मोटार नागावपर्यंत निमूट गिअर बदलत गेली. पुढे गावभर तो सांगत सुटला, मुंबईच्या तज्ज्ञाने दुरुस्त केली म्हणून. त्यानंतर मी त्या मोटारीला हात लावला नाही.