ओळंबा घेऊन मौद्याला

मौद्याला फिरायला कोण जातं, असं हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी विचारलं. मी गेले, आणि परत जाईन. शेजारच्या वैशालीची तिथल्या एका प्रशिक्षण केंद्रात मुलाखत होती. नोकरी बांधकाम शिकवण्याची, आणि शिकवून दाखवायचं इंग्रजीत. विषय: खांब सरळ उभा आहे का, ते कसं तपासावं. तिचे बाबा मूळ उमरेडचे विणकर. माग बंद पडला तेव्हापासून गवंडीकाम करतात. त्यांनी आपला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, तिच्या पर्समध्ये घातला. दुसरा त्यांच्याकडे नाही, म्हणून त्या दिवशी त्यांची भिंत थांबली.

लवकर निघा, भंडारा रोडवर नंतर ट्रकच ट्रक असतात. पारडीला तर्री पोहे खाल्ले. शंभराच्या नोटेत दोघींचं भागलं, वर माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. वैशाली नुसतीच चमचा फिरवत होती.

"काकू, मले भेव वाटून राहिलं."

"काहून वं? तुले तं सगळं येते!"

मग स्कूटरवरच उजळणी. दिसेल ते उभं मी दाखवायचं, तिनं इंग्रजी सांगायचं. टपरीवरची बाटली 'अपराइट'. आडवा पडलेला बांबू उभा करायचा तर 'स्टँड इट अप'. नकाशातली उभी रेघ 'व्हर्टिकल'. ओळंबा लावून तंतोतंत सरळ ठरलेली भिंत 'प्लंब'. लांबून वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या तेव्हा आता यांना कोणता शब्द, म्हणून तिला एकदम हसू आलं, आणि मला हायसं वाटलं.

केंद्रात मला मागच्या बाकावर बसू दिलं. वैशालीनं लाकडी खांबाला वरून ओळंबा सोडला. डोक्यावर पंखा गरगरत होता. वजन झुलायला लागलं ते थांबेचना. पाठ केलेली वाक्यं संपली. परीक्षक सरांनी घड्याळ पाहिलं. माझा जीव टांगणीला!

तेवढ्यात तिनं कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली आणि वजन अलगद पाण्यात सोडलं. बाबा वाऱ्याच्या दिवशी हेच करतात.

"वॉटर विल स्टॉप इट," ती म्हणाली. दोरी स्थिर झाली, आणि तिची जीभही सुटली. खांब ते दोरी अंतर वर दोन बोटं, खाली तीन. "इट लुक्स अपराइट. इट इज नॉट प्लंब." सर मनापासून हसले. जरा वेळानं आत बोलावून म्हणाले, "सोमवारपासून या."

परतताना कुठेही थांबलो नाही. मौद्यात बघण्यासारखं काय, असं विचाराल तर मी ती बादलीच सांगेन. इतकी हुशार मुलगी मी शेजारी राहूनही कधी नीट पाहिलीच नव्हती. हुडकेश्वरला आधी बाबांच्या कामावरच गेलो. अर्ध्या भिंतीपाशी ते बसून होते.

"झालं का वं?"

"झालं, बाबा. सोमवारपासून बोलावलं."

त्यांनी ओळंबा घेतला आणि भिंतीला लावला. वारा अजिबात नव्हता, तरी वजन हलत राहिलं, कारण त्यांचा हात थरथरत होता.

वैशालीनं कामावरची पाण्याची बादली पुढे सरकवली.