आईच्या मापाची खिडकी

मांडीचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळली होती. तिला ऊन मिळावं आणि डास चावू नयेत, म्हणून गंगापूर रोडवरच्या आमच्या जुन्या बंगल्याचा व्हरांडा काच आणि जाळी लावून बंद करायचं ठरवलं. कामाला सिन्नरहून एक कारागीर आला. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

"आजींची खाट कुठं राहणार?" त्यानं विचारलं आणि टेप घेऊन त्या जागी सरळ फरशीवर आडवा झाला. "इथून पेरूचं झाड दिसलं पाहिजे," म्हणत त्यानं खिडकी बरीच खाली आखली.

काचा यायच्या आतच आई गेली.

तेराव्यानंतर तो आला, तेव्हा मी म्हणाले, "आता खिडकी नेहमीसारखी वर घ्या. झोपून बघणारं कुणी उरलं नाही."

तो चपला काढून दारातच उभा राहिला. "माझी आई वर्षभर नुसती पत्र्याकडं बघत पडली व्हती, ताई," तो म्हणाला. "लोकांच्या खिडक्या करता करता तिची करायची राहून गेली. ही खालीच राहू द्या."

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. काम आटोपून तो नव्या काचेसमोर उकिडवा बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी कप खाली ठेवून शेजारी बसले. आई गेल्यापासून मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.