ताईची सवत

वैऱ्याला पोटाशी धरून ऊब देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईचा नवरा निघाला. दाजी मूळचे सोनईचे. घरची चांगली बागायत सोडून ते औषधशास्त्र शिकले आणि नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायला लागले. शिकवणं हा जोडधंदा. खरा उद्योग म्हणजे कॉलेजच्या मागच्या खोलीत कॅन्सरच्या पेशी चपट्या बाटल्यांतून वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं घालून बघायची. पेशींना वेळच्या वेळी खाद्य लागे, म्हणून दाजी कुठल्याही कार्यात अक्षता पडल्या की चपला शोधू लागत. ‘‘जेवायला घालायचंय,’’ एवढंच सांगत. आमच्या पुणतांब्याच्या मंडळींची समजूत अशी, की जावयाकडे दुभती जनावरं फार आहेत. एकदाच ते पंगतीला थांबले, माझ्या लग्नात, आणि न थांबते तर बरं झालं असतं. ‘‘आत्ताची औषधं म्हंजी दिसंल त्या पानात आमटी ओतत सुटलेला वाढपी,’’ ते पंगतीला समजावू लागले, ‘‘रोगी पेशी मरत्यात, तशा चांगल्या बी मरत्यात. मला चेहरा वळखून वाढणारा पायजे.’’ मग आमटीची बादली उचलून त्यांनी अख्खी रांग ओलांडली आणि माझ्या चुलत्यांच्या भरल्या पानात, बासुंदीवर, दोन पळ्या ओतल्या. चुलते पुढे कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग ताईच्या डोळ्यापुढे एक काळी सावली येऊ लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आत कॅन्सरची गाठ आहे, डोळा काढावा लागेल. आणि काढला तरी हा रोग पुढे लिव्हरमध्ये निघू शकतो, तिथे निघाला तर आजच्या घडीला त्यावर औषध नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांचे पत्ते विचारू लागलो. दाजी मात्र डॉक्टरांकडे गाठीचा तुकडा मागू लागले. डॉक्टर म्हणाले, बाईंना विचारा. ताई खाटेवर बसून होती. ती म्हणाली, ‘‘आजवर काय मागितलं न्हाई तुमी माझ्याकडं. घ्या.’’

सोनईत बातमी पोचली ती अशी, की बाईंनी कॉलेजला डोळा दिला. त्या काळी गावोगावी नेत्रदानाचे मेळावे होत, पण मेल्यावर डोळे द्यायचे असतात. ही तर जित्तेपणी देऊन मोकळी झाली! पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात सरपंचांनी ताईला शाल-श्रीफळ दिलं. दाजींना चुकीचं विधान सहन होत नसे. त्यांनी माईक ओढून घेतला. ‘‘हे नेत्रदान न्हाई. ही रोगाची गाठ हाय. त्या गाठीच्या पेशींवर काय खूण हाय ते शोधायचं, अन्‌ त्याच खुणेला चिकटंल असं औषध करायचं. बाकी अंगाला धक्का लागाय नको.’’ लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. ताई पदर तोंडाला लावून हसत होती. कार्यक्रम संपल्यावर एका म्हातारीने तिला हळूच विचारलं, ‘‘दुसऱ्याचं काय ठरवलं गं, बाई?’’

ताईच्या पेशी बाटल्यांत जगल्या. त्यांना सतत अंगाएवढी ऊब लागे आणि आमच्याकडची वीज तर बोलूनचालून पाहुणी. वीज गेली की दाजी एकेक बाटली पोटाशी धरत आणि वरून स्वेटर चढवत. दिवसभर येणार नसली, तर तशीच घेऊन एसटीने घरी येत. भर वैशाखात स्वेटर घातलेला, पोटाशी बाटली दडवलेला प्रोफेसर बघून एकदा कंडक्टरने दरडावून विचारलं, ‘‘काय हाय त्यात?’’ दाजी म्हणाले, ‘‘बायकोचा डोळा.’’ कंडक्टर पुन्हा त्या बाकाकडे फिरकला नाही. घरी आल्यावर ताई त्या बाटलीकडे बघून मला म्हणायची, ‘‘ही बघ मपली सवत. माझ्यापरीस तिलाच ऊब जास्त.’’ आम्ही हसायचो. दाजी हसत नसत. लिव्हरमध्ये रोग निघायच्या आत औषध हाती लागायला हवं, याखेरीज त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. पण जे औषध पेशी मारी, ते शेजारच्या निरोगी पेशीही मारी.

मग ताईचा उरलेला डोळा पिवळा पडला. पोट फुगलं. एका दुपारी माझ्यादेखत ती म्हणाली, ‘‘अवं, कसलं का आसंना, तुमचं औषध मला द्या की.’’ दाजी म्हणाले, ‘‘बाटलीत लागू पडंना अजून. तुला कसं दिऊ?’’ आणि उठून कॉलेजला गेले. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

ताई गेली. दशक्रियेला गोदावरीवर भाऊबंद जमले, कावळा शिवायची वाट बघत बसले, आणि हे गृहस्थ मधूनच चपला घालून निघाले. कुठे, ते कोणी विचारलं नाही. माझ्या आईने तोंड फिरवलं. बायको मेली तरी या माणसाच्या डोळ्याला पाणी नाही, हे गावाने बोलून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात ते अचानक पुणतांब्याला आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

‘‘पाव्हणं, लागू पडलं. एका बाटलीतल्या समद्या मेल्या. शेजारच्या चांगल्या पेशींना धक्का न्हाई.’’

अजून बाटलीतच आहे, माणसापर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित जाणारही नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, लोकांना पटायला हवं तर हाच प्रयोग ताईच्या राहिलेल्या बाटल्यांवर पुन्हा करावा लागेल.

‘‘मग करा की,’’ मी म्हणालो.

‘‘करतोय. एकच राह्यलीय आता.’’ त्यांनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. ‘‘औषध भरून घेतलं हुतं. पर तिचं तेवढंच जित्तं हाय वो. माझ्याच्यानं न्हाई झालं.’’

आणि आमच्या ओसरीवर, दिवसाढवळ्या, दाजी लहान मुलासारखे रडले.